कातरी, खळ आणि जुनें छायाचित्र

आमच्या घरीं एक जुनी लोखंडी ट्रंक आहे. तिच्या तळाशीं, पंचाच्या तुकड्यांत गुंडाळलेली, एक तसबीर आहे. तीत माझे आजोबा व आजी शेजारीं शेजारीं खुर्च्यांवर बसलेलीं आहेत. आजोबांच्या डोक्यावर पागोटें, अंगांत लांब कोट, हातांत काठी. आजीच्या अंगावर हिरवें लुगडें, नाकांत नथ आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. मागें रंगविलेल्या पडद्यावर एक खांब आणि एक कुंडी. चित्र हातानें रंगविलेलें आहे, व रंग अजून इतके ताजे आहेत कीं, पाहणाराला हें जोडपें नुकतेंच लग्नघरांतून उठून आलें आहे असें वाटावें.

परंतु हें दृश्य कधींच घडलेलें नाहीं. आजोबा १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथींत गेले, आणि चित्र तयार झालें तें १९३८ सालीं, माझ्या वडिलांना पहिली नोकरी लागली त्या वर्षीं. पतिपत्नींचा एकत्र फोटो त्या दोघांच्या संसारांत निघालाच नव्हता. म्हणून वडिलांनीं व काकांनीं आजोबांचा एकट्याचा जुना फोटो आणि आजीचा नुकताच काढलेला फोटो, असे दोन्ही एका स्टुडिओंत नेऊन दिले. तेथल्या कारागिरानें वीस वर्षांचें अंतर बुजवून दोघांना एका पुठ्ठ्यावर बसविलें. आजीच्या अंगावरचें पांढरें लुगडें हिरवें केलें, मोकळ्या नाकांत नथ घातली, आणि मोकळ्या कपाळावर कुंकू रेखलें. मुलांनीं हें मोठ्या प्रेमानें करविलें होतें यांत शंका नाहीं. आजीनें चित्र एकदां पाहिलें, कांहीं न बोलतां पंचांत गुंडाळलें, आणि ट्रंकेंत ठेवून दिलें. तें भिंतीवर कधीं लागलें नाहीं. १९६१ सालीं ती वारली, तेव्हां मी चौदा वर्षांचा होतों. तिला विचारावयाचें राहून गेलें, असें म्हणणें खरें नव्हे; विचारण्याची छाती झाली नसती.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या भाचीची मुलगी आमच्याकडे राहावयास आली होती. जुनीं छायाचित्रें, पत्रें, पोस्टाचीं तिकिटें, जरीच्या पट्ट्या, बटणें, आगगाडीचीं तिकिटें असल्या वस्तु एकत्र मांडून व चिकटवून, आणि कांहीं भाग संगणकावर जुळवून, ती चित्रें करते. तिनें ट्रंक उघडली, पंचा सोडला, बराच वेळ चित्राकडे पाहिलें, आणि मला विचारलें, “आजोबा, हें मी कापूं का?”

मीं अर्थातच “नको” म्हटलें. पण कां नको, हें मला नीट सांगतां येईना. आजच्या भाषणांत मी जें सांगणार आहें तें बहुतेक सारें त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना हातीं लागलेलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्र ही पवित्र, अस्पर्श वस्तु असून तिला कातरी लावण्याचा उच्छृंखलपणा अलीकडचा आहे, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. दागेर याची कृति १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली, आणि तिची प्रतिमा चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर उठत असल्यामुळें ती कापण्याची सोय नव्हती, एवढेंच काय तें. प्रतिमा कागदावर येऊं लागली तशी कातरी जवळ आली. १८५० नंतर जो कागद सर्वत्र वापरांत आला, त्यावर अंड्यांतील पांढऱ्या बलकाचा लेप असे. हा कागद अतिशय पातळ. तो आपल्याआप वळे, म्हणून पुठ्ठ्यावर डकवावाच लागे. म्हणजे खळ ही छायाचित्राच्या घरांत प्रथमपासूनच होती.

मग १८५४ सालीं पॅरिसच्या दिस्देरी नांवाच्या फोटोग्राफरनें एकाच कांचेवर अनेक लहान प्रतिमा घेण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. त्या प्रतिमा कापून, भेटीच्या कार्डाएवढ्या, सुमारें चार इंच लांब व अडीच इंच रुंद पुठ्ठ्यावर डकवीत. किंमत उतरली, आणि १८६० च्या सुमारास युरोपांत या कार्डांचें अक्षरशः वेड पसरलें. राणी व्हिक्टोरिया, नट, पाद्री, सेनापति, शेजारीण, मावशी, सर्वांचीं कार्डें एकाच मापाचीं. तीं ठेवण्यासाठीं खांचे पाडलेले आल्बम निघाले, आणि दिवाणखान्यांतील मेजावर आल्बम असणें हें घरंदाजपणाचें लक्षण ठरलें.

आतां येथें इंग्लंडांतल्या सरदारघराण्यांतील स्त्रिया पुढें येतात. त्यांना चित्रकला, विशेषतः जलरंग, शिकविलेला असे. हातीं वेळ भरपूर असे. आणि शेंकडों सारखींच कार्डें पाहून बहुधा कंटाळाही आला असावा. १८६० ते १८८० या दोन दशकांत त्यांनीं कातरी घेऊन या कार्डांतील माणसें मोकळीं केलीं. केट गफ नांवाच्या बाईंच्या आल्बमांत तळ्यावर पोहणाऱ्या बदकांच्या मानेवर स्त्रियांचीं डोकीं बसविलेलीं आहेत; तो आल्बम आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें आहे. दुसऱ्या एका आल्बमांत लोणच्याची बरणी रंगविली असून तिच्यांत फोडींच्या जागीं ओळखीपाळखीच्या लोकांचे चेहरे मुरत घातले आहेत. इंग्लंडांतल्या बरणीवर तशी चिठ्ठी असते, तशी ‘मिश्र लोणचें’ अशी चिठ्ठीही त्या चित्रांत आहे. आपल्याकडील एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला या विनोदाची टीका समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

लेडी फिल्मर या बाईंचें एक पान याहून धीट आहे. दिवाणखाना जलरंगांत, माणसें छायाचित्रांतून कापलेलीं. मध्यभागीं स्वतः बाई उभ्या, समोर मेजावर आल्बम आणि खळीचें भांडें. मेजाशीं प्रिन्स ऑफ वेल्स, पुढें सातवा एडवर्ड झाला तो. आणि यजमान सर एडमंड फिल्मर कुठें, तर बाजूला कुत्र्याजवळ, इतर माणसांच्या मानानें लहानच. प्रत्यक्ष संभाषणांत ज्या गोष्टीचा उच्चार करतां आला नसता, ती कातरीनें सांगितलेली आहे. माणसाचें माप बदललें कीं मान बदलतो, आणि तें माप ठरविणारा हात बाईंचा आहे.

छायाचित्रणाच्या इतिहासांत हे आल्बम फार काळ जवळजवळ नव्हतेच. १८५७ सालीं रेलांडर यानें तीसाहून अधिक कांचा जोडून एक भव्य नीतिपर देखावा तयार केला, व दुसऱ्याच वर्षीं रॉबिन्सन यानें पांच कांचांतून मरणोन्मुख मुलीचें चित्र जुळविलें. या दोघांचीं नांवें प्रत्येक पुस्तकांत आढळतात. बायकांनीं दिवाणखान्यांत बसून जें केलें तें मात्र ‘करमणूक’ या सदरांत पडलें. १५० वर्षांनीं, २००९ सालीं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनें त्यांचें खास प्रदर्शन भरविलें, तेव्हां विद्वानांचे डोळे उघडले. विद्वानांचे डोळे उघडावयास साधारणतः इतका काळ लागतोच.

आपल्या देशांतली हकीकत निराळ्या वाटेनें जाते. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळांतील नामांकित हौशी फोटोग्राफर होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें धंदा म्हणून हें काम केलें. यंत्र विलायती, रसायनें विलायती; परंतु छापलेली प्रतिमा आमच्या चितार्‍यांच्या हातीं गेली तेव्हां तिचें जें झालें तें अगदीं देशी होतें. पाश्चात्य रंगारी गालांवर किंचित् गुलाबी छटा देऊन थांबत असे. आमचा चितारी थांबत नसे. राजस्थानांतील दरबारी चित्रकारांनीं छायाचित्रावर जाड, अपारदर्शक रंगांचे थर दिले. अंगरखा, गालिचा, दागिने, मागची भिंत, सगळें पुन्हां रंगविलें. कित्येक वेळां मूळ छायाचित्रापैकीं चेहरा आणि हात एवढेच काय ते डोकावत राहिले. छायाचित्र हा त्यांच्या दृष्टीनें कच्चा आराखडा होता.

हें सारें अडाणीपणानें झालें असें समजणाऱ्यांनीं एक रासायनिक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एकोणिसाव्या शतकांतील कांचेवरचा लेप निळ्या प्रकाशाला फार लवकर भुले आणि तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळा असे. त्यामुळें निळें आकाश कोरें पांढरें उठे, आणि तांबडी वस्तु काळी दिसे. म्हणजे सवाष्णीच्या कपाळावरील कुंकू कॅमेऱ्यानें काळें केलें, भगव्याची मसी केली. ज्याला आपण खरें छायाचित्र म्हणतों त्यानें हा अपभ्रंश केला, आणि ज्याला आपण खोटें रंगकाम म्हणतों त्यानें तो दुरुस्त केला. तांबड्याच्या जागीं तांबडें ठेवणारा चितारी कॅमेऱ्यापेक्षां अधिक सत्यवादी होता. मात्र आमच्या आजीच्या बाबतींत हा युक्तिवाद मला लागू करतां येत नाहीं, हेंही येथेंच कबूल केलेलें बरें. तेथें कुंकू काळें उठलें नव्हतें; तेथें तें नव्हतेंच.

नाथद्वारच्या चितार्‍यांची रीत तर आजच्या कोलाजाशीं अगदीं मिळती आहे. श्रीनाथजींच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू ‘मनोरथ’ नांवाचें चित्र करवून घेई. मध्यें श्रीनाथजी, आणि दोहों बाजूंस हात जोडून उभें असलेलें यजमानाचें कुटुंब. छायाचित्रें मिळूं लागल्यावर चितारी चेहरे त्यांतून कापून घेऊं लागले. डोकें छायाचित्राचें, धड व वस्त्रें रंगांचीं, देव परंपरेचा. मुंबईच्या कापडबाजारांतील अनेक वैष्णव भाटिया व गुजराथी घराण्यांची या देवस्थानावर निष्ठा असल्यामुळें असलीं चित्रें या शहराला अपरिचित नव्हतीं. यजमान त्या क्षणीं देवापुढें खरोखर तसा उभा होता काय, असा प्रश्न कोणी विचारीत नसे. तो उभा राहूं इच्छीत होता, आणि चित्राचें नांवच मुळीं मनोरथ होतें.

आणि आमच्या मराठी घरांतून काय चाललें होतें? राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय यांच्या रंगीत तसबिरी घरोघर पोंचल्या. सगळ्यांच्या घरीं एकच लक्ष्मी. ती आपली कशी करावयाची? बायकांनीं तिला जरीचें लुगडें नेसविलें. कागदी पदरावर खरी जर, मुकुटावर टिकल्या, गळ्यांत बारीक मोती, कधीं मखमलीचा तुकडा. आणि वर कांच. माझ्या आत्याच्या देवघरांत अशी एक सरस्वती होती. तिच्या वीणेच्या तारा खऱ्या तारेच्या होत्या. पुढें परदेशांतील म्यूझियममध्यें अशा सजविलेल्या तसबिरी कांचेच्या कपाटांत मोठ्या मानानें ठेवलेल्या पाहिल्या, तेव्हां आत्याची आठवण झाली. आपण जें करीत आहोंत त्याला ‘मिश्र माध्यम’ असें भारदस्त नांव आहे, हें तिला कोणी सांगितलें असतें, तर तिनें बहुधा दुपारचा चहा टाकण्याचें निमित्त काढून विषय बदलला असता.

आतां बर्लिनकडे वळलें पाहिजे, कारण कलेच्या इतिहासांत फोटोमॉन्टाजचा जन्म तेथें झाल्याचें लिहितात. पहिलें महायुद्ध संपतां संपतां ‘दादा’ नांवाचा एक बंडखोर कलापंथ तेथें उदयास आला. त्या मंडळींत हान्ना ह्योख ही एकमेव प्रमुख स्त्री. १८८९ सालीं गोथा गांवीं जन्मलेल्या या बाई एका मोठ्या प्रकाशनसंस्थेंत भरतकामाचे व विणकामाचे नमुने काढण्याची नोकरी करीत. आठवड्याचे कांहीं दिवस लेस आणि टांके, उरलेले दिवस क्रांति. १९१९–२० सालीं त्यांनीं मासिकांतील छायाचित्रें कापून एक प्रचंड चित्र जुळविलें. तें जवळजवळ पावणेचार फूट उंच आहे, आणि त्याच्या लांबलचक नांवाची सुरुवात ‘स्वयंपाकघरांतील सुरीनें कापलेलें’ अशी आहे. पुढारी, यंत्रें, नर्तकी, कैसरच्या मिशा, सगळीं एकाच पातेल्यांत ढवळलेलीं. १९२० च्या दादा प्रदर्शनांत तें झळकलें.

परंतु ही युक्ति सुचली कशी? १९१८ च्या उन्हाळ्यांत ह्योख आणि त्यांचे मित्र राऊल हाऊसमान बाल्टिक समुद्राच्या कांठीं एका लहान गांवीं विश्रांतीसाठीं गेलीं होतीं. तेथल्या घराघरांतून भिंतीवर एकाच जातीची एक रंगीत तसबीर टांगलेली त्यांना दिसली: बराकीसमोर उभा असलेला, गणवेष घातलेला एक शिपाई. चित्र छापील, सर्वांचें सारखें. पण शिपायाचें डोकें प्रत्येक घरीं वेगळें, कारण त्या त्या घरच्या मुलाच्या फोटोंतून चेहरा कापून तेथें डकविलेला होता. मुलगा लष्करी नोकरीवर असल्याची ती आठवण. हाऊसमान यांनीं पुढें लिहिलें कीं, फोटोमॉन्टाजची कल्पना आपल्याला तेथें विजेसारखी सुचली. ग्रोस व हार्टफील्ड या त्यांच्याच मित्रांनीं मात्र, ती आम्हांला आधींच सुचली होती, असा दावा सांगितला. असल्या भांडणाचा निकाल लावण्याची मला गरज वाटत नाहीं. मला महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, विसाव्या शतकांतील एका अतिशय उद्धट कलाप्रकाराचें मूळ कोळ्यांच्या घरांतील भाबड्या तसबिरींत निघालें. त्या तसबिरींतील किती चेहरे १९१८ च्या उन्हाळ्यापर्यंत जिवंत राहिले होते, हें त्या दोघांनीं त्या घरांतून विचारलें कीं नाहीं, कोणास ठाऊक.

पुढें नाझींच्या राज्यांत ह्योख यांच्या कलेला ‘अधोगत’ ठरविण्यांत आलें. त्यांनीं बर्लिनच्या टोंकाला एक लहान घर घेतलें, बाग लावली, आणि आपलीं व मित्रांचीं चित्रें व कागदपत्र तेथें लपवून युद्ध काढलें. दादा पंथाचा बराचसा इतिहास आज उपलब्ध आहे तो त्या घरामुळें. १९७८ सालीं त्या वारल्या.

याच काळांत अमेरिकेंत, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत एका साध्या घरीं, जोसेफ कॉर्नेल नांवाचे एक गृहस्थ रात्रीं स्वयंपाकघराच्या मेजावर बसून लांकडी पेट्या सजवीत होते. चित्रकलेचें शिक्षण नाहीं. आई आणि अर्धांगानें पंगु झालेला भाऊ यांचा सांभाळ. दिवसा कापडाच्या धंद्यांत नोकरी. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेलीं छायाचित्रें, नकाशे, पेले, चिनी मातीच्या चिलमी, पिसें, घड्याळांच्या कमानी अशा वस्तु तळघरांत खोक्याखोक्यांतून चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या असत. १९४२ सालच्या एका प्रसिद्ध पेटींत सोळाव्या शतकांतील एका राजबिंड्या मुलाचें चित्र आहे, आणि भोंवतीं नाणें टाकून चालवावयाच्या यंत्रासारखे खण. कॉर्नेल यांची एक संवय मला फार मोलाची वाटते. जें चित्र पेटींत घालावयाचें त्याची ते फोटोस्टॅट प्रत काढून घेत, आणि कातरी प्रतीला लावीत. त्यामुळें एकच चेहरा निरनिराळ्या पेट्यांतून पुनःपुन्हां येऊं शकला.

माझ्या नातीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला येथें मिळालें. कापावयाचें तर प्रत कापावी. हें फार साधें वाटेल; पण ज्यांच्या घरीं एकच प्रत असते त्यांना तें साधें नसतें. आजोबांचा जो मूळ फोटो वडिलांनीं स्टुडिओंत दिला होता तो परत आलाच नाहीं. चारदां खेपा घातल्यावर, तो सांपडत नाहीं, असें उत्तर मिळालें. आजीचा मूळ फोटो आमच्याजवळ आहे. म्हणजे पुष्कळ अंशीं बनावट असलेलें तें जोडचित्र हाच आज आजोबांच्या चेहऱ्याचा एकुलता एक पुरावा आहे.

असलीं जोडचित्रें आपल्याकडे किती सर्रास होत असत, याची कल्पना आतां पुष्कळांस नाहीं. मध्य प्रदेशांतील नागदा या गिरणीच्या गांवीं राहून ख्रिस्तोफर पिनी या अभ्यासकानें तेथल्या स्टुडिओंचा व घरोघरच्या तसबिरींचा अभ्यास केला, व १९९७ सालीं ‘कॅमेरा इंडिका’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. माणूस गेल्यावर त्याच्या लहानशा, पुसट फोटोवरून मोठी स्मारक-तसबीर करविणें, ती रंगविणें, मृताला जिवंतांच्या शेजारीं बसविणें, हें सर्व त्यांत आलें आहे. फोटो म्हणजे घडलेल्या क्षणाची नोंद, हा विचार तेथें दुय्यम आहे. माणूस जसा असावयास हवा होता तसा तो दिसला पाहिजे, हा विचार पहिला. आमच्या वडिलांनीं केलें तें याहून वेगळें नव्हतें. वेगळें एवढेंच कीं, ज्या बाईचें तसें चित्र झालें ती तें पाहण्यास हयात होती. वीस वर्षें समाजानें जें कपाळ पुसून ठेवलें तें एका कुंचल्यानें भरून निघालें, यांत तिला मुलांचें प्रेम दिसलें, कीं आपल्या वीस वर्षांचा हिशेब कुणी परस्पर खोडून टाकला असें वाटलें, हें मला अजून ठरवितां येत नाहीं.

आतां संगणकाविषयीं. छायाचित्रें दुरुस्त करण्याचा फोटोशॉप हा प्रसिद्ध प्रोग्रॅम नोल आडनांवाच्या दोघा भावांनीं केला; १९९० सालीं तो बाजारांत आला, आणि १९९४ च्या आवृत्तींत त्यांत ‘थर’ आले. म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवावे तसे चित्राचे भाग वेगवेगळे ठेवून हवे तेव्हां सरकवितां येऊं लागले. कातरीची भीति गेली, कारण कापलेलें पुन्हां जोडतां येतें. या साधनाचा आपल्याकडील सर्वांत हृद्य उपयोग, माझ्या मतें, विवान सुंदरम् यांनीं केला. चित्रकर्त्री अमृता शेरगिल या त्यांच्या मावशी. १९४१ सालीं, सुंदरम् यांच्या जन्माच्या दोन वर्षें आधीं, लाहोर येथें अठ्ठाविसाव्या वर्षीं वारल्या. अमृतांचे वडील उमरावसिंग हे हाडाचे फोटोग्राफर; त्यांनीं स्वतःचे, पत्नीचे व दोघी मुलींचे असंख्य फोटो काढून ठेवले होते. २००१–०२ मध्यें सुंदरम् यांनीं आजोबांचे ते फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले. त्यांत निरनिराळ्या वर्षांचे व निरनिराळ्या शहरांतले आप्त एका खोलींत एकत्र येतात. तरुण मुलगी आणि वृद्ध बाप आरशांतून एकमेकांकडे पाहतात. सारें काळ्यापांढऱ्यांत, सांधा कुठेंही दिसत नाहीं. आपण पाहतों तें घडलेलें नाहीं हें ठाऊक असूनही मन तें नाकारीत नाहीं. आमच्या स्टुडिओवाल्यानें ज्या कामाचे थोडेसे रुपये घेतले, त्याच कामाचें हें उंच शिखर. सुंदरम् २०२३ सालीं वारले.

याच साधनाचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो मला रुचत नाहीं. काळ्यापांढऱ्या फोटोला यंत्र आपोआप रंग देतें. तें रंग आठवीत नाहीं, इतर लक्षावधि चित्रें पाहून अदमास बांधतें. जुन्या स्टुडिओंतला रंगारी निदान घरच्यांना विचारीत तरी असे, लुगडें कोणत्या रंगाचें होतें म्हणून. २०२१ सालीं जुन्या फोटोंतले चेहरे हलते करून दाखविण्याची एक सोय लोकांपुढें आली. नातीनें माझ्या देखत आजोबांना तसें हलविलें. त्यांनीं मान थोडी वळविली, डोळे मिचकावले, आणि ते हंसले. त्यांना हंसतांना पाहिलेलें माणूस आतां पृथ्वीवर कोणी नाहीं. तरीही तें हंसणें त्यांचें नव्हतें, एवढें मला निश्चित कळलें. मीं तें बंद करावयास सांगितलें, व तिनें लगेच बंद केलें.

ज्या श्रोत्यांच्या घरीं अशा ट्रंका आहेत त्यांना दोन कामाच्या गोष्टी सांगून टाकतों. चिकट पानांच्या, वर पातळ प्लास्टिक असलेल्या आल्बमांतून जुने फोटो शक्य तों बाहेर काढावेत. तो चिकट थर पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. फोटो निघत नसेल तर ओढूं नये, पानासकटच प्रत घ्यावी. मागच्या बाजूस शाईनें कधीं लिहूं नये. मऊ पेन्सिलीनें, कडेला, नांव आणि साल लिहावें. आणि नांव लिहिण्याचें काम आजच करावें, कारण नांवें सांगणारीं माणसें फोटोंपेक्षां लवकर विरतात.

नातीनें अखेर दोन्ही चित्रांच्या उत्तम प्रती घेतल्या. पडद्यावर मोठें करून पाहिलें तेव्हां कुंकवाच्या थराला एक बारीक तडा गेलेला दिसला, आणि त्या तड्यांतून खालचा करडा कागद. ती म्हणाली, मनांत आणलें तर हें कुंकू मी पांच मिनिटांत पुसून टाकीन, खरें कपाळ परत आणीन. मग तीच म्हणाली, “पण पणजीचें कुंकू पुसणारी मी दुसरी होईन.” त्यावर आम्ही दोघेंही कांहीं बोललों नाहीं.

तिनें शेवटीं जें केलें तें असें. हातकागदावर जोडचित्राची प्रत डकविली. आजी जिथल्या तिथें, कुंकू जिथल्या तिथें. शेजारीं आजीच्या मूळ फोटोची लहान प्रत, पांढऱ्या लुगड्याची. खालीं आजोबांच्या हातचें, १९१६ सालचें, एक मोडी पोस्टकार्ड छापलें. त्यांत दोन मण तांदूळ पाठवीत असल्याखेरीज दुसरा कांहींएक मजकूर नाहीं. आणि या सगळ्यावर जुन्या पंचाचा एक तुकडा वरच्या कडेला चार टांके घालून पडद्यासारखा सोडला. चित्र पाहावयाचें तर तो हातानें उचलावा लागतो.

मूळ तसबीर पुन्हां ट्रंकेंत गेली. आंत आम्लविरहित कागद घालावा असा तज्ज्ञांचा सल्ला मीं मानला. बाहेरचा पंचा मात्र तोच ठेवला. नातीचें चित्र बैठकीच्या खोलींत टांगलेलें आहे. येणारे-जाणारे पडदा उचलतात, पाहतात, प्रश्न विचारतात. माझी थोरली बहीण, जिनें आजीची सेवा केली, दर महिन्याला येते, त्याच भिंतीखालीं खुर्ची ओढून बसते. तिनें तो अजून उचललेला नाहीं.